शनिवारची फवारणी

बेणे संघात दर शनिवारी फवारणी असायची. पिकावर नाही, कॉम्प्युटरवर.

संघाचं हेड ऑफिस बारामतीत आणि उसाचं बेणं वाटायची केंद्रं चार: लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव, बावडा. पाची ठिकाणी एकेक कॉम्प्युटर. कुठल्या शेतकऱ्याला कुठल्या प्लॉटमधलं बेणं कुठल्या तारखेला गेलं, त्याच्या नोंदी त्यात. कॉम्प्युटरला व्हायरस लागतो असं संचालकांनी पेपरात वाचलं आणि पंच्याण्णव साली पुण्याच्या एका कंपनीचा 'राखणदार' नावाचा प्रोग्रॅम विकत घेतला. तो फ्लॉपीवर यायचा. फ्लॉपी मशीनमध्ये घालायची, राखणदार सुरू करायचा, तो मशीनमधली एकेक फाईल उघडून बघायचा आणि रोग दिसला तर काढायचा. पहिल्याच आठवड्यात लासुर्ण्यात कुणीतरी विचारलं, "औषध मारून झालं का?" तेव्हापासून त्याला फवारणीच म्हणायला लागले.

फवारणी करायची ज्योत्स्ना लोंढे. लोणी भापकरची, बी.कॉम. झालेली, बारामतीत कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली, संघात तीन वर्षं रोजंदारीवर. रोजंदारी म्हणजे ताप आला तर तो दिवस गेला, आणि 'उद्यापासून येऊ नको' म्हणायला कुणाला कागद लागत नाही. शहाण्णवच्या एक ऑक्टोबरला संघ काही लोकांना कायम करणार होता. ज्योत्स्नाचं नाव त्या यादीत होतं. शाईनं नव्हे, पेन्सिलीनं.

कंपनीनं राखणदाराच्या पाच फ्लॉप्या दिल्या होत्या, जागेला एक. पण संघाचे शेतकी अधिकारी मोहनराव, म्हणजे ऑफिसचे सर्वेसर्वा, त्यांनी हुकूम काढला की पाच कशाला उघडायच्या, एक वापरा, चार कपाटात राहू द्या, ऑडिटला नव्या कोऱ्या दाखवता येतील. आपल्याकडं घरात चांगले कप कपाटात असतात आणि पाहुण्याला दांडी तुटलेल्या कपात चहा मिळतो, तसलंच हे. चार फ्लॉप्या प्लास्टिकसकट कपाटात गेल्या, दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागलं आणि पाचवी दर शनिवारी ज्योत्स्नाबरोबर जीपमधून बारामती ते बावडा फिरायला लागली.

सप्टेंबरात मशीनं बंद पडायला लागली. सात तारखेच्या शनिवारी फवारणी झाली आणि सोमवारी लासुर्ण्याची नोंदी भरायची खिडकीच उघडेना. मंगळवारी अंथुर्णे. बुधवारी निमगाव. शुक्रवारपर्यंत बावडा. बारामतीचं मशीन तेवढं धडधाकट होतं. चौदा तारखेला ज्योत्स्नानं नेहमीसारखी बारामतीपासून फवारणी सुरू केली, आणि सोमवारी बारामतीही बसलं. तिनं पुण्याला फोन केला. कंपनीनं रोगांची नवी यादी कुरिअरनं पाठवली. ती राखणदारात भरून तिनं पाची मशीनं पुन्हा साफ केली. दोन दिवसांत रोग परत.

एकवीस तारखेला मोहनरावांनी तिला आत बोलावलं. टेबलावर त्यांनी स्वतः आखलेला कागद होता.

"बघ. लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव, बावडा. ह्याच रस्त्यानं जीप जाती. मग हितं फवारणी केलीस, हितलं गेलं. तू जातीस तिथं बिघडतंय."

"सगळीकडं मीच जाते साहेब. दुसरं कोण जातं?"

"तेच म्हणतोय की मी."

मोहनरावांचा आवाज चढलेला नव्हता. ते कधीच चढवत नसत. त्याची त्यांना गरज पडत नव्हती.

"खुलासा लिहून दे," ते म्हणाले. "बाहेरची फ्लॉपी वापरली, चूक झाली, परत व्हणार न्हाय. गुरुवारी बोर्डाची मीटिंग हाय. तवर दे."

"बाहेरची फ्लॉपी वापरली नाही मी."

"मग रोग काय आभाळातनं पडला?"

"ते मला पण बघायचंय."

"बघ की. पण खुलासा गुरुवारी. न्हायतर ती यादी हाय ना, त्यात मला रबर फिरवावा लागंल."

रोग आभाळातून पडला नव्हता. लासुर्ण्याचे केंद्रप्रमुख दुपारी जेवण झालं की मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायचे. खेळाची फ्लॉपी त्यांच्या भाच्यानं कुठून तरी आणलेली. हे जीपच्या ड्रायव्हरपासून सगळ्यांना ठाऊक होतं. पण रोग आणला कुणी हे कुणी विचारलं नाही, हात कुणाचा लागला एवढंच बघितलं. ते बघायची ह्या भागाला जुनी सवय आहे. निमगावच्या केंद्रात तर ज्योत्स्ना उठून गेली की कीबोर्ड ओल्या फडक्यानं पुसायचे. एकदा ती विसरलेली वही घ्यायला परत आली तेव्हा पुसणं चाललंच होतं. "धूळ लई बसती," असं उत्तर मिळालं. ज्योत्स्नाच्या घरात छप्पन्न सालापासून बुद्ध आहे. पण गाव आणि आडनाव विचारून झालं की लोकांना छप्पन्नच्या आधीचंच आठवतं. त्याला कॉम्प्युटर काय करणार.

रविवारी ती घरी होती. लोणी भापकरला त्यांची तीन एकर कोरडवाहू जमीन, बाजरी फुलोऱ्यात होती. वडील श्रीपती ओट्यावर बसून दावं वळत होते. त्यांनी तीस वर्षं कालव्याखालच्या मळ्यांतून बेणं तोडलेलं. ज्योत्स्नानं सगळं सांगितलं. आई तुळसा आतून ऐकत होती.

"साफ केल्याव परत आला म्हणतीस?" श्रीपतींनी विचारलं.

"व्हय आबा. पाची साफ केली. दोन दिसांत परत."

"मधी तिथं कोण गेलं?"

"कोण न्हाय. मीच."

"हातात काय हुतं?"

"फवारणीची फ्लॉपी. दुसरं काय असतंय."

श्रीपतींनी दाव्याचा पीळ पायाच्या अंगठ्यात धरला आणि वळायचं थांबवलं.

"आमी एका मळ्यात बेणं तोडत हुतो. उसाला गवताळ वाढ आली. उसाच्या जागी नुसता गवताचा झुपका. मालक म्हणला, बेणं रोगट. बेणं बदाललं, परत आली. रान बदाललं, परत आली. मग म्हणला, हे तोडणारंच कायतरी करत्यात. चार म्हैनं आमच्या हाताकडं बघत बसला. शेवटाला कालेजातला एक सायेब आला. त्यानं हात न्हाय बघितलं, कोयतं मागितलं. म्हणला, हे कंच्या औषधात बुडवता? आमी म्हणलं, कोयता बुडवायचा असतो व्हय? रोगी ऊस त्याच कोयत्यानं तोडायचा आन चांगला बी त्याच. कोयताच फिरवत हुता रोग."

"मग मालक काय म्हणला?"

"काय म्हणणार. म्हणला, आता बुडवत जावा."

तुळसा आतून म्हणाली, "तवा बी लिहून मागितलं हुतं का ह्यांच्याकडनं?"

"लिहून कुठलं, अंगठा मागत हुता," श्रीपती म्हणाले आणि पुन्हा दावं वळायला लागले.

सोमवारी सकाळी ज्योत्स्ना मोहनरावांपुढं उभी राहिली.

"साहेब, कपाटातली एक नवी फ्लॉपी पाहिजे."

"कशाला?"

"मोजायची आहे."

"मोजायला ती काय कापड हाय?"

"प्रत्येक प्रोग्रॅमची लांबी, म्हणजे त्यात किती अक्षरं भरतात ते, ठरलेली असते. नव्या राखणदाराची किती आहे आणि आपल्या फिरत्याची किती आहे, ते बघते. तुम्हीच शेतकऱ्यांना सांगता ना, शंका आली तर मूळ प्लॉट बघा."

मोहनरावांना आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडायचं. त्यांनी किल्ली दिली. "प्लास्टिक फाडू नको."

"प्लास्टिकसकट ती मशीनमध्ये जात नाही साहेब."

"मग नीट फाड."

फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक छोटी काळी खिट्टी असते. ती सरकवून बंद केली की फ्लॉपीवरचं वाचता येतं, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही, म्हणजे रोगही शिरू शकत नाही. शहाणा माणूस औषधाच्या फ्लॉपीची खिट्टी बंदच ठेवील. पण राखणदार खिट्टी बंद असली की चालायचाच नाही. कारण कंपनीला भीती चोरीची. कुठल्या मशीनवर किती वेळा चालला हे तो दर वेळी फ्लॉपीवरच लिहून ठेवायचा, म्हणजे कुणी फुकट वापरू नये. त्यासाठी फ्लॉपी सताड उघडी पाहिजे. आपला माल चोरीला जाऊ नये म्हणून गिऱ्हाइकाचं दार उघडं ठेवलेलं, असा तो हिशोब.

ज्योत्स्नानं नव्या फ्लॉपीची खिट्टी आधी बंद केली. मग तिच्यातल्या राखणदाराची लांबी बघितली. एकसष्ट हजार चारशे चाळीस. मग फिरती फ्लॉपी. त्रेसष्ट हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. एकच प्रोग्रॅम, एकाच कंपनीचा, आणि एक हजार आठशे अठ्ठेचाळीस जास्त.

ऑफिस झाडणाऱ्या बनाबाई खांद्यावरून वाकून बघत होत्या. "काय मोजतीस गं एवढं?"

"रोग."

"किती भरला?"

"एक हजार आठशे अठ्ठेचाळीस."

"बरा भरला," बनाबाई म्हणाल्या आणि झाडू घेऊन पुढं गेल्या.

प्रशिक्षणाच्या खोलीत एक जुनं मशीन पडून होतं. ज्योत्स्नानं ते पार पुसून कोरं केलं, मूळ फ्लॉप्यांवरून सगळं नव्यानं भरलं. त्यातल्या सदतीस प्रोग्रॅमांच्या लांब्या वहीत हातानं लिहून काढल्या. मग फिरती फ्लॉपी घालून फवारणी केली. पडद्यावर तपासलेल्या फायलींची नावं एकाखाली एक सरकत गेली आणि शेवटी आलं: मशीन निरोगी आहे. तिनं पुन्हा लांब्या बघितल्या. सदतीसच्या सदतीस वाढलेल्या. प्रत्येकी एक हजार आठशे अठ्ठेचाळीस.

मंगळवारी तिनं तेच आणखी दोनदा केलं. तिसऱ्या खेपेला ती फक्त सरकणारी नावं वाचत बसली. राखणदार प्रत्येक फाईल उघडत होता, प्रत्येकीचं नाव दाखवत होता. त्यात त्याचं स्वतःचं नाव नव्हतं. तो स्वतःला सोडून सगळ्यांना तपासत होता. रोग त्याच्याच पोटात बसला होता आणि तपासायला म्हणून तो जी फाईल उघडे, तिच्यात आपल्या हातानं सोडत होता. लासुर्ण्याच्या रोगी मशीनमध्ये उघडी फ्लॉपी गेली, तिथं तो राखणदारात शिरला. पुढची सगळी पेरणी राखणदारानंच केली. ज्योत्स्नानं फक्त त्याला जीपमधून नेलं.

नेलं हे खरं होतं. ते तिनं वहीत पहिल्या ओळीला लिहिलं.

बुधवारी कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. रविंद्र नाव. सभ्य, हळू बोलणारा, हातात कातडी बॅग. त्यानं वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग चहा मागवला.

"हे तुम्ही एकट्यांनी केलं?"

"मोजायला किती माणसं लागतात?"

तो थोडा हसला. "बरोबर आहे तुमचं. आम्हाला जूनमध्ये कळलं. एका गिऱ्हाइकाकडं असंच झालं होतं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आहे. जानेवारीत येईल."

"जूनमध्ये कळलं," ज्योत्स्ना म्हणाली. "आणि सप्टेंबरात खुलासा माझ्याकडं मागतायत."

"तो तुमच्या ऑफिसचा विषय आहे."

"तो स्वतःला का तपासत नाही?"

"वेळ वाचतो. आणि आपलाच प्रोग्रॅम, त्यात काय असणार, असं धरलं होतं."

हे 'धरलं होतं' म्हणणारे लोक मी खूप बघितलेत. ते स्वतःला कधीच तपासत नाहीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेतात. रविंद्र त्यातला वाईट माणूस नव्हता. वाईट माणसानं जून म्हटलं नसतं.

"आपल्या भागात हा किती जणांकडं आहे?" तिनं विचारलं.

"बारामती-इंदापूर धरून एकोणीस."

"त्यांना कळवलं?"

"कळवलं तर घबराट होईल. आणि जे व्हायरस लिहितात त्यांनाही आयती वाट कळेल. दुरुस्ती तयार नसताना बोंब मारून फायदा नाही."

"खिट्टी बंद ठेवा, एवढं तरी सांगा."

"खिट्टी बंद केली तर चालत नाही ना तो."

"मग जानेवारीपर्यंत चालवू नका म्हणून सांगा."

रविंद्रनं कप बशीत ठेवला. ह्या वाक्याला त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते कंपनीचं होतं. तो एवढंच म्हणाला, "तुमच्या संघाला नवी आवृत्ती फुकट देतो. सर्वांच्या आधी. ते मी साहेबांशी बोललोय."

गुरुवारी मीटिंगच्या आधी मोहनरावांनी वही मागून घेतली. त्यांनी ती नीट वाचली. माणूस अडाणी नव्हता. बेण्याच्या कोयत्यावर त्यांनीच पत्रक काढलं होतं, गावोगाव वाटलं होतं.

"कळलं मला," ते म्हणाले. "कोयताच निघाला."

"होय साहेब."

"पण बोर्डाला काय सांगू? तुमी ठराव करून आणलेला राखणदारच रोग वाटत हुता? आन मी चार फ्लॉप्या कपाटात ठेवल्या म्हणून एकच सगळीकडं फिरली, हे बी सांगू?"

"वहीत आहे ते."

"वहीत हाय ते वहीत राहू दे." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "ज्योत्स्ना, मी तुझ्या वाइटाचं सांगत न्हाय. बाहेरची फ्लॉपी म्हणू नको, चल. 'हाताळण्यात निष्काळजीपणा' एवढंच लिही. एक ओळ. कोण वाचतंय? बोर्ड चहा पिऊन उठंल. कंपनी फुकट देतीय. तुझं नाव मी आज शाईनं करतो. मातुर हे बाहेर बोलायचं न्हाय. कंपनीची तेवढीच अट हाय."

"उरलेल्या अठरा जणांचं काय?"

"ते काय आपलं केंद्र हाय व्हय?"

ज्योत्स्नानं खुलासा दिला. एक पान. फिरत्या फ्लॉपीनं रोग पसरला, ती फ्लॉपी मी नेली, रोग राखणदारात होता, मोजमाप सोबत जोडलं आहे. निष्काळजीपणा हा शब्द त्यात नव्हता. मोहनरावांनी पान वाचलं, दोन घड्या घातल्या आणि खणात टाकलं. "बोर्डाला म्हणतो, खुलासा यायचा हाय. उद्यापर्यंत विचार कर," ते म्हणाले.

तिनं विचार केला, पण वेगळाच. एकोणीस जणांची नावं शोधायला लांब जायची गरज नव्हती. तिनं जिथं कोर्स केला त्या क्लासचा मालकच बारामतीत राखणदार विकायचा, आणि त्यानं बाहेरच्या भिंतीवर 'आमचे ग्राहक' म्हणून सगळी नावं ऑइलपेंटनं रंगवून घेतली होती. ज्योत्स्ना संध्याकाळी भिंतीसमोर उभी राहिली आणि नावं वहीत उतरवली. क्लासचा मालक आतून म्हणाला, "जाहिरात आवडली का?" ती म्हणाली, "लई उपयोगाची आहे."

पोस्टातून तिनं सतरा कार्डं घेतली. प्रत्येकावर तेच लिहिलं: राखणदार फ्लॉपीची लांबी बघा. एकसष्ट हजार चारशे चाळीसपेक्षा जास्त भरली तर ती रोगी आहे. कमी-जास्त नसली तरी नवी आवृत्ती येईपर्यंत एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेऊ नका. खाली सही, नाव, मुक्काम लोणी भापकर. कार्ड उघडं असतं, वाटेत कुणीही वाचू शकतं. वाचू दे, असं तिला वाटलं.

अठरावं नाव इंदापूरच्या एका खाजगी रक्ततपासणी केंद्राचं होतं. तिथं तिच्याबरोबर कोर्सला असलेली रेश्मा कामाला होती. रेश्माही फवारणी शनिवारीच करायची. क्लासवाल्यानं सगळ्यांना शनिवारच सांगितला होता. कार्ड शनिवारच्या आत पोचलं नसतं. म्हणून शुक्रवारी ज्योत्स्ना ऑफिसला गेलीच नाही. बारामतीहून इंदापूरची एस.टी. धरली. अंथुर्णे गेलं, निमगाव गेलं. आपल्याच केंद्रांच्या पाट्या तिनं पहिल्यांदाच जीपमधून न बघता एस.टी.च्या खिडकीतून बघितल्या.

रेश्मा तिला बघून खूश झाली, मग ऐकून वैतागली.

"वर्ष झालं मी चालवते. कधी काय झालं नाही. तू आमच्याकडं येऊन उगा शंका घालू नको, डॉक्टर मलाच बोलतील."

"लांबी बघ. मग जाते मी."

बघितली. एकसष्ट हजार चारशे चाळीस.

"निरोगी आहे की," रेश्मा म्हणाली. "एवढ्यासाठी रोज बुडवलास? चहा घे आणि जा."

"आता मशीनमधल्या प्रोग्रॅमांची बघ."

रेश्मानं कुरकुरत बघितली. ज्योत्स्नानं वही शेजारी धरली. पहिलाच प्रोग्रॅम जास्त भरला. दुसराही. किती जास्त, ते वजाबाकी न करताच ज्योत्स्नाला कळलं.

"ह्याच्यात खेळाची फ्लॉपी घातली होती का कुणी? मोटारींची?"

रेश्मानं दाराकडं बघितलं. "डॉक्टरांचे मेव्हणे. मंगळवारी. मुलांना दाखवत होते."

"फ्लॉपी अजून धड आहे. मशीन नाही. उद्या इथं फवारणी केली असतीस तर तो राखणदारात शिरला असता."

"आणि मग मी ती वर नेली असती," रेश्मा हळू म्हणाली. "रक्तगटाच्या नोंदींचं मशीन वर आहे."

चहा आला होता, तो तसाच राहिला. ज्योत्स्नानं तिला दाखवलं: खिट्टी बंद केलेल्या मूळ फ्लॉपीवरून मशीन चालू करायचं, रोगी प्रोग्रॅम पुसायचे, नवे भरायचे, लांब्या लिहून ठेवायच्या. दोघींना तीन तास लागले. निघताना रेश्मा म्हणाली, "तुझ्या साहेबांनी पाठवलं का तुला?"

"नाही."

"मग हे तिथं कळेल त्यांना."

कळलंच. रेश्माच्या डॉक्टरांनी शनिवारी पुण्याला फोन लावला. सोमवारपासून कार्डं पोचायला लागली आणि फोन वाढत गेले. जी दुरुस्ती जानेवारीत येणार होती, ती चार दिवसांत आली. नव्या फ्लॉप्या एकोणीसही ठिकाणी, सोबत छापील पत्र की ग्राहकांच्या सोयीसाठी काही सुधारणा केल्या आहेत. खिट्टी बंद ठेवून चालणारा राखणदार. स्वतःपासून तपासायला सुरुवात करणारा. पत्रात जूनचा उल्लेख नव्हता, ज्योत्स्नाचा तर नव्हताच.

एक ऑक्टोबरला यादी लागली. सात नावं. तिचं नव्हतं.

दोन दिवसांनी, नव्या फ्लॉप्या हातात आल्यावर, ती मोहनरावांकडं गेली. त्यांनी आधीच बोलायला सुरुवात केली.

"तू इंदापूरला गेलीस."

"गेले."

"मी तुला सांगितलं हुतं."

"सांगितलं होतं."

"मग आता माझ्याकडं काय मागतीस? पुढल्या वर्षी बघू. तवर काम कर, काय बिघडत न्हाय."

"करते की," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं फवारणीच्या नव्या फ्लॉप्या, मूळ फ्लॉप्यांचा डबा आणि कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. "रोजंदारीच्या माणसाला नेमणुकीच्या ऑर्डरमध्ये नोंदी भरणं एवढंच काम आहे. मी काढून बघितली. फवारणी त्यात नाही. जोखमीचं काम आहे, कायम माणसाकडं द्या."

"राग धरतीस व्हय?"

"ऑर्डर वाचून दाखवू का?"

मोहनरावांनी तिच्याकडं बघितलं आणि फ्लॉप्या जवळ ओढल्या. कायम झालेल्या सातांत सावळाराम नावाचा कारकून होता. फवारणी त्याच्याकडं गेली. सावळारामनं ज्योत्स्नाला विचारलं, "अवघड असतं का गं?" ती म्हणाली, "पत्रक आहे सोबत. वाचा." पत्रक इंग्रजीत होतं.

पाच ऑक्टोबरच्या शनिवारी जीप सकाळी आठला गेली. साडेनऊला पहिला फोन लासुर्ण्याहून, सावळारामचा. पडदा काळा झालाय, अक्षरं येत नाहीत. ज्योत्स्ना तिच्या टेबलाशी बसून बेण्याचे फॉर्म भरत होती. फोन बनाबाईंनी उचलला आणि आतल्या खोलीकडं बघून ओरडल्या, "साहेब, लासुर्णे." दहाला पुन्हा लासुर्णे. अकराला अंथुर्ण्याहून, की जीप अजून आली नाही, पूर्वहंगामी लागणीचं बेणं घ्यायला माणसं रांगेत आहेत, आज वाटप करायचं का नाही. आतून मोहनरावांचा आवाज येत होता. पहिल्यांदाच तो थोडा चढलेला होता.

साडेअकराला ते बाहेर आले. तिच्या टेबलाजवळ उभे राहिले. तिच्या बोटांखाली बावडा केंद्राची नोंद चालली होती, कुणा बिरदेवचं नाव, एकर, उसाची जात, तारीख.

"ज्योत्स्ना, जरा फोनवर सांग त्याला."

"माझ्या ऑर्डरमध्ये नाही साहेब."

बनाबाई झाडायचं थांबल्या. शेजारच्या दोन कारकुनांनी माना खाली घातल्या आणि कान वर ठेवले. आतला फोन पुन्हा वाजायला लागला.

"बरं," ते म्हणाले. "कायम करण्याचा अर्ज लिही. आजची तारीख टाक. सोमवारी बोर्डाच्या सह्या फिरवून घेतो."

ज्योत्स्नानं नोंद पुरी केली आणि मगच मान वर केली.

"अर्ज देऊन तीन वर्षं झाली साहेब. तुमच्याच फायलीत आहे. त्याच्यावर तारीख तुम्ही टाका."